पद्मक्कांची रिकामी ओळ

पद्मक्कांच्या टायपिंगच्या दुकानात रिकाम्या कप्प्याला मनाई होती. तक्ता कुणाचाही असो, त्यातल्या प्रत्येक चौकोनात काहीतरी असलंच पाहिजे. आकडा असेल तर आकडा, शून्य असेल तर शून्य, लागू नसेल तर आडवी रेघ, आणि काहीच हाती लागलं नसेल तर सरळ ‘माहीत नाही’. “रिकामं सोडलात की वाचणाऱ्याला कसं कळणार हो? नव्हतं, की तुमी विसरलात, की विचारलंच नै?” असं त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या. आणि अशा या बाईंनी स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये सहा रिकाम्या कप्प्यांची एक अख्खी ओळ महिनोन् महिने तशीच ठेवली होती. ती ओळ त्यांच्या सख्ख्या बहिणीची होती. ती भरणार की पुसली जाणार, याचा निकाल लागला तेव्हा मी योगायोगानं शेजारच्या खुर्चीत होते.

आमची गाठ पडली ती मात्र माझ्या फजितीमुळे. नवऱ्याची बदली म्हैसूरला झाली, आम्ही तिथल्या विजयनगर भागात बिऱ्हाड थाटलं, आणि बेचाळिसाव्या वर्षी मी अर्धवट टाकलेली पीएच.डी. पुन्हा उकरून काढली. विषय होता घरबसल्या उदबत्त्या वळणाऱ्या बायकांचा. प्रबंधात अडतीस तक्ते होते आणि ते सगळेच्या सगळे मी माझ्या हातांनी केले होते, याचा मला केवढा अभिमान! मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “छापायच्या आधी एकदा सरस्वतीपुरमच्या पद्मक्कांना दाखवा.” मला वाटलं, दाखवायचं काय त्यात, कौतुक करून घेऊन येऊ.

एका दुमजली घराच्या जिन्याखाली ते दुकान होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर देवाच्या कॅलेंडरशेजारी कागदाच्या मापांचा तक्ता. अठ्ठावन्नच्या आसपासची, बुटकी, केसात अबोलीचा गजरा माळलेली बाई खुर्चीवर उशी ठेवून बसलेली. मी सांगलीची आहे कळल्यावर खूष होऊन म्हणाली, “अय्यो, मराठी! बसा, बसा. कॉफी आयता?” पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलेल्या रंगाऱ्यांच्या घरातली ही मराठी. तिच्यात कानडी कधी शिरायचं आणि कधी बाहेर पडायचं, ते बोलणाऱ्यालाही कळत नसे. ‘कॉफी झाली का’ असं विचारतायत हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत कप पुढे आलेलाही होता. मी मनातल्या मनात नाक मुरडलं, हे आज कबूल करते. तेव्हा मला माझ्या शुद्ध मराठीचा फार तोरा होता.

तो तोरा पाच मिनिटं टिकला. पद्मक्कांनी माझी फाइल उघडली, विद्यापीठाला हवा तो फाँट लावला, आणि माझे अडतीस तक्ते शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे वाट फुटेल तिकडे पळाले. वय उत्पन्नाच्या रकान्यात, उत्पन्न मुलांच्या रकान्यात. त्यांनी कसलंसं बटण दाबलं, तर पडदाभर बारीक ठिपकेच ठिपके. मी एकेक आकडा त्याच्या जागी नेण्यासाठी स्पेस बार बडवत बसले होते, त्याचे ते ठिपके. पद्मक्कांनी दोन आकड्यांमधले ठिपके बोटानं मोजले.

“तेवीस,” त्या म्हणाल्या. “तेवीस वेळा दाबलात? बोट दुखलं नै?”

“तुम्ही नीट करून द्या ना,” मी पडेल आवाजात म्हटलं.

“मी सुम्ने करून दिली, तर पुढल्या वेळेला चोवीस वेळा दाबाल.” सुम्ने म्हणजे उगीच, हा मी शिकलेला पहिला कानडी शब्द. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद, पेन्सिल आणि प्लास्टिकची पट्टी ठेवली. “आधी यावर काढा. रकाने किती, ओळी किती, रुंद कोण, अरुंद कोण. मग मशीनला हात लावा.”

ही त्यांची पद्धत होती आणि तिला अपवाद नव्हता. त्यांचे आजोबा कापडावर ठसे मारायचे. ठसा हातात घेण्याआधी गेरूत भिजवलेलं सूत कापडावर ताणून ते रेघा पाडून घ्यायचे, मगच पहिली कोयरी उमटायची. त्यांतला एक लाकडी ठसा पद्मक्कांच्या टेबलावर कागद दाबून बसलेला असे. “आजोबा रेघ न पाडता कधी ठसा मारले नैत, आणि आपण उगा माउस घेऊन धावतो,” असं त्या पीएच.डी.वाल्यांना सुनवायच्या.

टेबलावर आणखी एक पट्टी होती. जुनी, सागवानी, पितळी कडेची. माझी प्लास्टिकची पट्टी घसरत होती म्हणून मी सहज तिच्याकडे हात नेला, तर पद्मक्का पटकन म्हणाल्या, “ती नको. ती वाचायला.” खरंच, त्या पट्टीनं त्या कधी रेघ ओढत नसत. हस्तलिखितातल्या ओळीखाली ती धरायची, एक ओळ टाइप करायची, पट्टी खाली सरकवायची, एवढंच तिचं काम.

चार दिवस मी तिथे बसून तक्ते शिकले. मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर आपोआप कशी येते, दशांशचिन्हं एकाखाली एक कशी उभी राहतात, हे सगळं. दोन कप्पे एकत्र जोडणं त्यांच्या जिवावर यायचं, कारण मग पुढे रकाना वाढवताना सगळा तक्ता वाकडा होतो. एखादी ओळ पानाच्या तळाशी अर्धी तुटून पुढच्या पानावर जाणं तर त्यांना मुळीच खपत नसे. ती संपूर्ण ओळ उचलून त्या पुढे नेत आणि खाली मोकळी जागा राहू देत. “माणूस अर्धा इकडे, अर्धा तिकडे. वाचणाऱ्यानं काय समजायचं?” हे त्यांचं त्यावरचं एकमेव स्पष्टीकरण.

गिऱ्हाइकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, विषय राहत. “मधमाशी आली नै आज?” “भाताचा करपा उद्या येतो म्हणाला.” मी अर्थातच उदबत्ती झाले. मधमाशीवाला पोरगा फार हट्टी. सगळा तक्ता एकाच पानात बसला पाहिजे म्हणून त्यानं अक्षरं मुंगीएवढी केली. पद्मक्कांनी वाद घातला नाही. पान छापलं, ड्रॉवरमधून भिंग काढलं आणि दोन्ही त्याच्या हातात दिलं. म्हणाल्या, “परीक्षक पाच अल्वा? पाचच ना? अशी पाच विकत घ्या, प्रत्येक प्रतीबरोबर एक बांधून द्या.” पोरगं हसत हसत तक्ता दोन पानांवर करायला बसलं.

माझे तक्ते उभे राहिले तेव्हा त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. सात कप्पे रिकामे होते. ‘हे काम सोडावंसं वाटतं का?’ असा तो प्रश्न होता.

“विचारलं आणि मिळालं नै, की विचारलंच नै?”

मी आधी आढेवेढे घेतले, मग खरं सांगितलं. त्या सात घरी मी संध्याकाळी घाईत गेले होते आणि शेवटचा प्रश्न गाळला होता. “‘माहीत नाही’ घालू या ना,” मी म्हटलं. “सातानं काय बिघडतंय?”

“विचारून आल्याशिवाय ‘माहीत नाही’ लिहायचं नै,” पद्मक्का शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी फाइल बंदच केली.

गेले झालं मुकाट्यानं. सातवी बाई उदबत्ती वळता वळता हात थांबवून म्हणाली, काम सोडायचं नाही, काम बसून करायचं सोडायचं आहे, पाठ गेली. उंच टेबल कुणी देईल का? माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या एका उत्तरावर उभं राहिलं. पद्मक्कांना हे सांगितलं तर त्यांनी नुसतं “आयतु” म्हटलं, म्हणजे झालं एकदाचं, आणि प्रिंटर चालू केला.

प्रबंध गेला तरी माझं जाणं थांबलं नाही. कॉफी फार छान करायच्या, हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांच्या मराठीची मला चटक लागली होती. त्या दिवसांत त्या त्यांच्या समाजाचं कुटुंबांचं पुस्तक बनवत होत्या. म्हैसुरातली सगळी रंगारी घरं त्यात यायची होती. माणशी एक ओळ, आणि सात रकाने: नाव, शिक्षण, उद्योग, जोडीदार, मुलं, पत्ता, फोन. समाजाची जुनी हस्तलिखित नोंदवही शेजारी उघडी, तिच्यावर ती सागवानी पट्टी. मी फोन करकरून नवी माहिती आणायची, त्यांनी भरायची.

पडद्यावर वर-खाली करताना एका दुपारी मला ती ओळ दिसली. पद्मक्कांच्याच कुटुंबात, त्यांच्या नावाच्या वर: ‘सरोजा’. पुढचे सहाही कप्पे रिकामे.

“अक्का, हे राहिलं वाटतं,” मी म्हटलं.

त्यांनी नोंदवहीचं एक पान उलटून माझ्यापुढे सरकवलं. त्यावर सुबक अक्षरात तेच नाव होतं आणि त्याच्यावरून काळ्या शाईची एक रेघ गेली होती. खोडताना माणूस रागानं फराटा मारतो, तशी नव्हे. अगदी सरळ, मापून मारलेली.

“माझी मोठी बहीण,” त्या म्हणाल्या. “बन्नूरच्या एका शेतकऱ्याशी लग्न केली. दुसऱ्या जातीचा. अप्पा तेव्हा समाजाचे कार्यदर्शी, सेक्रेटरी, ही वही त्यांच्याकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडले आणि रेघ मारले. एकेचाळीस वर्षं झाली.”

बन्नूर म्हणजे इथून बसनं तासाभराचं गाव. मी तसं बोलूनही गेले.

“होय की. रोज बस जाते.” मग बराच वेळ त्या पट्टीच्या पितळी कडेवरून अंगठा फिरवत राहिल्या. “अप्पांचा हात कापायचा. त्यांची रेघ एकट्यानं सरळ यायची नै. दुसऱ्या कुणी पट्टी दाबून धराला लागायची.” त्यांनी पट्टी खाली ठेवली. “मी सतरा वर्षांची होते. धर म्हणाले, धरली.”

मग पुढे म्हणाल्या, “आधी अप्पांची भीती होती म्हणून गेले नै. अप्पा जाऊन अठरा वर्षं झाली. आता तोंड दाखवाला लाज वाटते.”

त्याच आठवड्यात हल्लीचे कार्यदर्शी शंकरराव आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, माणूस भला पण घाईचा. सोमवारी फाइल छापखान्यात द्यायची होती. पानं चाळताना ते त्या ओळीवर थांबले. त्यांनी जुनी वही पाहिली नव्हती असं नाही.

“पद्मा, खोडलेलं नाव मी खोडलेलंच ठेवीन असं म्हणत नै,” ते म्हणाले. “ते दिवस गेले. पण नुसतं नाव कसं छापू? माहिती आण, छापतो. नसेल तर ओळ काढून टाक. सोमवारी, अल्वा?”

“‘माहीत नाही’ घालते की,” पद्मक्का पुटपुटल्या. या बाई! माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

शंकरराव गेल्यावर मी खुर्ची जवळ ओढली. मला त्यांच्याशी असं बोलायचा काही अधिकार नव्हता, वयानंही नव्हता. पण त्या सात घरांच्या पायऱ्या मी चढले होते.

“अक्का, विचारलंत?” मी म्हटलं.

त्या माझ्याकडे रागानं बघत राहिल्या. मग हळूच हसल्या, आणि डोळे भरून आले. “उदबत्ती,” त्या म्हणाल्या, “फार शिकलीस गे तू.” तोवर त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती.

शनिवारी सकाळी आम्ही बन्नूरच्या बसमध्ये होतो. पद्मक्कांनी ती एकच ओळ मोठ्या अक्षरात एका कागदावर छापून घेतली होती. सहा रिकामे कप्पे, प्रत्येकात हातानं लिहायला भरपूर जागा. सोबत पेन्सिल आणि खोडरबर. रुमालात गुंडाळून ती सागवानी पट्टीही. ती कशाला, हे मी विचारलं नाही. बाहेर ऊस आणि भात एकाआड एक जात होते आणि पद्मक्का प्रत्येक थांब्याला विचारत होत्या, “आलं का?” खरं तर या रस्त्याचे थांबे त्यांना पाठ होते.

पत्ता शोधावा लागला नाही. बसस्टँडवरच्या फुलवालीनं बोट दाखवलं. अंगणात उन्हात साळ पसरली होती आणि एक उंच, पांढऱ्या केसांची बाई ती पायानं सारखी करत होती. तिनं वर पाहिलं. पायाचं काम थांबलं. दोघी तशाच उभ्या. मला वाटलं आता रडारड होईल, नाहीतर दार लागेल.

“ऊट आयता?” सरोजाक्कांनी विचारलं. म्हणजे, जेवलीस का? जणू पद्मक्का सकाळी बाजारात जाऊन आल्या होत्या.

पद्मक्कांनी नकारार्थी मान हलवली. “बा,” सरोजाक्का म्हणाल्या, “आत ये.”

आत गेल्यावर पद्मक्कांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आधी रुमाल सोडला आणि पट्टी बहिणीच्या पुढ्यात ठेवली. “अक्का, ती रेघ. पट्टी मी धरली होती.”

सरोजाक्कांनी पट्टी उचलली, डोळ्यांजवळ नेली. “माहीत हाय की,” त्या म्हणाल्या. त्यांची मराठी अडखळत येत होती. या घरात ती बोलायला दुसरं माणूस नव्हतं. “रेघ एकदम सरळ आली असं लोक येऊन सांगून गेले मला. तेव्हाच म्हटलं, पद्मी धरली असणार. मी गेल्यावर घरात उरलं कोण होतं?”

“तुला राग नै आला?”

“आला. खूप वर्षं आला.” त्यांनी पट्टी मांडीवर आडवी ठेवली. “तुझ्या आधी ही पट्टी कोण धरत होतं, सांग? इंदूआत्या आठवते? विधवा झाली, परत लग्न केली. तिच्या नावावरची रेघ अप्पांनी मारली तेव्हा मी धरली होती. पंधरा वर्षांची होते. तिच्याकडे जाऊन मी सांगितले नै कधी. तू आलीस तरी.”

त्यानंतर मात्र रडारड झाली, आणि मी अंगणात जाऊन साळीवरचे कावळे हाकलत बसले. आतून मधूनच हसण्याचा आवाज यायला लागला तेव्हा परत गेले. कप्पे भरले जात होते. शिक्षण: बी.ए. उद्योग: शाळेत शिक्षिका, आता निवृत्त, आणि शेती. जोडीदार: सिद्धेगौडा, ते शेतावरून येऊन दारात उभे राहून अवघडून हसत होते. मुलं: दोन मुली. त्यांची नावं लिहिताना पद्मक्कांचं पेन्सिलीचं टोक मोडलं. धाकटीचं नाव पद्मा होतं.

“राग होता म्हणालीस,” पद्मक्का म्हणाल्या.

“राग होता. नाव पण आवडत होतं,” सरोजाक्का म्हणाल्या.

सोमवारी ती ओळ फाइलमध्ये गेली आणि एवढी माहिती आल्यामुळे कुटुंब एका पानात मावेना. आईवडील आणि सरोजाक्का अलीकडच्या पानावर, पद्मक्का पलीकडच्या. पद्मक्कांनी क्षणभर पाहिलं, सगळ्या ओळी निवडल्या, पुढच्या ओळीला धरून राहायची खूण केली, आणि संपूर्ण कुटुंब उचलून नव्या पानावर नेलं. मागं अर्धं पान कोरं राहिलं. शंकररावांनी कागद वाया गेल्याबद्दल कुरकुर केली. पद्मक्का म्हणाल्या, “कागद माझ्याकडून घ्या.” आणि मग त्यांनी जुनी वही त्यांच्यापुढे धरली. “आणखी रेघा हायत यात. मी मोजल्या. अकरा. विचारून येईपर्यंत पुस्तक देत नै.” शंकररावांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं, आणि छापखान्याला फोन करायला बाहेर गेले.

पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्याची पुन्हा बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं आणि मी निरोप घ्यायला सरस्वतीपुरमला गेले. दुकानाचं दार उघडं होतं, पण मी बाहेरच थांबले, कारण आत काम चाललं होतं. अकरांपैकी आठ नावांचा माग लागला होता. इंदूआत्या आता हयात नव्हती, पण तिचा मुलगा दावणगेरेत सापडला होता. पद्मक्का उशीवर बसून टाइप करत होत्या. शेजारी माझ्या नेहमीच्या खुर्चीत सरोजाक्का, वही मांडीवर घेऊन. शाईच्या रेघेखाली गेलेली अक्षरं लावत त्या एकेक नाव मोठ्यानं वाचत होत्या. डोळा ओळीवरून घसरू नये म्हणून नावाखाली ती सागवानी पट्टी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.